हशा कुठे पिकायचा

सिनेमाला गेल्यावर पडद्याइतकंच प्रेक्षकांकडे लक्ष ठेवायची सवय आमच्या पिढीतल्या गे पुरुषांना न शिकवता लागली. शेजारचा कोणत्या वाक्याला हसतो, मागच्या रांगेतून कुणाला शीळ पडते, इंटरव्हलला समोशाच्या रांगेत काय बोलणं चालतं, हे सगळं आम्ही टिपून ठेवायचो. घरी काय बोलायचं आणि काय गिळायचं, ते त्यावरून ठरायचं. मुंबई गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती बदलली, हे मला कुणी विचारलं तर मी कायद्यांच्या तारखा नंतर सांगेन. थिएटरात हशा कुठे पिकायचा आणि आता कुठे पिकतो, ते आधी सांगेन.

सुरुवातीला हशा नव्हताच. ‘उंबरठा’ १९८२चा, जब्बार पटेलांचा, शांता निसळांच्या ‘बेघर’वरचा. तो टीव्हीवर लागला तेव्हा अख्खं घर मांडी घालून बसलेलं. महिलाश्रमातल्या दोघींच्या संबंधांचा भाग आला आणि आईला गॅसवरचं दूध आठवलं, वडिलांना सकाळी वाचून झालेला पेपर आठवला. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटकही त्याच काळातलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा या समलैंगिक मुलीचं काम केलेलं. म्हणजे मराठीला विषय ठाऊक होता. आमच्या दोन खोल्यांत मात्र त्याला प्रवेश नव्हता.

मग नव्वदीत कॅसेटी आल्या. अंधेरीला एकट्याने राहणारा एक मित्र होता. स्वतःचं घर, स्वतःचा व्हीसीआर आणि घरात आईवडील नाहीत, असे तिन्ही योग जुळलेला आमच्यात तो एकटाच. कुणी परदेशातून आलं की सॉक्समध्ये गुंडाळून एखादी कॅसेट आणायचं आणि रविवारी दुपारी त्याच्याकडे मैफल भरायची. पडदे ओढलेले, पंखा फुल, आवाज अगदी बारीक, कारण भिंतीपलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. टोपणनावं सगळ्यांना होती. एकमेकांना ‘अगं’ म्हणायची मुभाही फक्त त्या चार भिंतींत. दार उघडलं की पुन्हा ‘काय रे’.

तिथे पाहिलेला अँग ली यांचा ‘द वेडिंग बँक्वेट’ मला अजून सीनवार आठवतो. न्यूयॉर्कमध्ये मित्राबरोबर राहणारा तैवानी मुलगा, लग्नासाठी मागे लागलेले आईबाप, त्यांच्या समाधानासाठी ठरवलेलं खोटं लग्न. आईबाप विमानाने येऊन थडकतात तेव्हा घरातले फोटो, पुस्तकं, सगळी सजावट घाईघाईने बदलावी लागते. त्या जागी आम्ही इतके हसलो की यजमानाने दिवाणावरच्या उश्या आमच्या अंगावर फेकल्या. उशी तोंडावर दाबून हसायचं, असा त्या घरचा नियमच होता. तैवान कुठे आणि विलेपार्ले कुठे. पण ‘आईबाबा येतायत, हे आत ठेव’ ही धावपळ आमच्यापैकी प्रत्येकाने केलेली होती. फक्त तो सिनेमा चिनी आणि इंग्रजीत होता. आपल्या भाषेतली आई असं काही बोलताना आम्ही पडद्यावर पाहिली नव्हती.

१९९८च्या नोव्हेंबरात दीपा मेहतांचा, दोन बायकांच्या प्रेमाचा ‘फायर’ लागला. सेन्सॉरने एकही कट न देता पास केलेला. डिसेंबर उजाडताच गोरेगावच्या सिनेमॅक्सवर मोर्चा आला, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. पुढे सेन्सॉरने तो पुन्हा पाहिला आणि पुन्हा पास केला, फेब्रुवारीत तो परत लागला. पण मधले ते अडीच महिने आमच्यासाठी पुरेसे बोलके होते. अंधेरीच्या मैफली काही काळ थांबल्या. पडदे आधीही ओढलेले असायचे. आता कुलूपही आतून दोनदा तपासलं जायचं.

नंतरच्या दशकात हशा आला, पण तो आमच्यावरचा. २००३चा ‘कल हो ना हो’ आठवा. बेडरूमचं दार उघडल्यावर दोन पुरुषांना एकत्र पाहून मोलकरीण कांताबेनचा चेहरा पडायचा आणि अख्खं थिएटर गडगडायचं. आम्ही चार-पाच मित्र एका रांगेत बसून इतरांपेक्षा अंमळ मोठ्यानेच हसत होतो. जो हसत नाही त्याच्याकडे लोक वळून बघतात, हे शाळेपासून ठाऊक होतं. २००८च्या ‘दोस्ताना’त फ्लॅटसाठी जोडपं असल्याचं नाटक करणारे दोन पुरुष होते. त्यातली आई मुलाच्या ‘जोडीदारा’चं सुनेसारखं स्वागत करते तेव्हा लोक पोट धरून हसत होते आणि आमच्यातला एकजण चष्मा पुसत होता. विनोदासाठी का होईना, पडद्यावरच्या आईने औक्षणाचं ताट उचललं होतं.

त्याच २००३मध्ये मुंबईत ‘लर्जिश’ हा लैंगिकता आणि लिंगभाव या विषयांवरच्या चित्रपटांचा महोत्सव झाला. श्रीधर रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ही त्याच वर्षीचा. ड्रॅग क्वीन्सच्या या हसऱ्या-बोचऱ्या सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं नाही. तो हातोहाती, खासगी खेळांतून पाहिला गेला. हेच रंगायन पुढे ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवाचे संचालक झाले.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार काढून टाकली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये जुहूच्या पीव्हीआरमध्ये पहिला ‘कशिश’ भरला. २५ देशांतले ११० चित्रपट. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची रीतसर परवानगी. मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये, एका पडद्यावर नेहमीचा हिंदी सिनेमा आणि शेजारच्या पडद्यावर आम्ही. अंधेरीच्या दिवाणावरून थेट पुशबॅक खुर्चीत.

या खुर्चीत बसायलाही शिकावं लागलं. पहिल्या दिवशी आम्ही एकत्र गेलो नाही; दोघे पुढच्या दाराने, दोघे पार्किंगमधून, एकजण जाहिराती संपून अंधार झाल्यावर. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, ते शर्टाच्या आत. कापडी पिशवी मिळाली, तिच्यावर महोत्सवाचं नाव ठळक छापलेलं. परतताना विलेपार्ले स्टेशन येण्याआधी आमच्यातल्या बँकवाल्याने ती रिक्षातच उलटी केली. शिवण बाहेर, नाव आत. मग त्याच पिशवीतून त्याच्या आईने पुढे कित्येक महिने भाजी आणली, तशीच उलटी. टीव्हीचा कॅमेरा दिसला की आम्ही पॉपकॉर्नच्या काउंटरआड. आणि घरी काय सांगायचं? ‘ऑफिसच्या लोकांबरोबर सिनेमाला जातोय.’ कुठला, हे विचारू नये म्हणून वरून ‘इंग्रजी आहे’.

पण दिवे गेले आणि पहिल्यांदाच भरल्या थिएटरात हशा आमच्या बाजूने पिकला. एका परदेशी लघुपटात आई मुलाला फोनवर लग्नाचं विचारते आणि तो ‘नेटवर्क नाही’ म्हणून फोन ठेवतो, एवढाच प्रसंग. बाहेरच्या थिएटरात त्यावर कुणी हूं की चूं केलं नसतं. इथे दोनशे लोक एकदम फुटले. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी हसताहसता माझ्या हातावर टाळी दिली. उशी शोधायची गरज नव्हती.

११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. आम्ही पुन्हा कायद्याने गुन्हेगार झालो. सिनेमा दाखवण्यावर वा पाहण्यावर त्या कलमाने बंदी येत नव्हती, ते कृतीला लागू होतं. पण भीती कलम वाचून येत नाही. यंदा काही महोत्सव होत नाही, झाला तर कुठल्या तरी लहानशा सभागृहात, गुपचूप, असं आम्ही धरून चाललो होतो. झालं उलटंच. २०१४च्या मे महिन्यात कशिश मरीन लाइन्सच्या लिबर्टीत गेला, बाराशेच्या आसपास खुर्च्यांच्या थिएटरात.

लिबर्टी ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगायला हवं. बॉम्बे हॉस्पिटलच्या शेजारची ही आर्ट डेको इमारत १९४९ची. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, म्हणून हबीब हुसैन यांनी हे नाव ठेवलं आणि मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने पडदा उघडला. भिंतींना बर्मा टीक, पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टरमध्ये गोठवलेली कारंजी, बाल्कनीकडे जाणारा ऐसपैस जिना. ‘हम आपके हैं कौन’ इथेच शंभराहून अधिक आठवडे चालला. माझ्या आत्याने तो इथे पाहिला होता, नवी साडी नेसून. देशातलं सर्वांत लांबलेलं लग्न ज्या पडद्यावर झालं त्याच्या जिन्यावर आता आमची जोडपी फोटो काढत होती. कुणी शेरवानीत, कुणी नऊवारीत, कुणी दोन्हींच्या मधल्या कशात तरी.

सिनेमाआधीचा चहा धोबीतलावच्या कयानीत. ब्रून मस्का बुडवत कार्यक्रमपत्रिकेवर पेनाने खुणा करायच्या आणि त्यावरून भांडायचं. बँकवाल्याला शेवट गोड असलेलेच सिनेमे हवेत. त्याचं म्हणणं, रडायला घर आहे. मास्तरांना, म्हणजे आमच्यातल्या प्राध्यापकाला, माहितीपट. अंधेरीवाल्याला फक्त फ्रेंच. शेवटी सगळे मिळून एकाच सिनेमाला जायचं आणि बाहेर पडल्यावर ज्याने तो निवडला त्याच्या नावाने खडे फोडायचे. तीही एक चैनच होती. आयुष्यात फार थोडे सिनेमे वाट्याला येतात तेव्हा त्यांना नावं ठेवायची हिंमत होत नाही. ‘हा भिकार होता’ असं आपल्याच विषयावरच्या सिनेमाबद्दल चारचौघांत म्हणता येणं, ही मला त्या काळातली मोठी प्रगती वाटते.

२०१६ साली तर इयन मॅकेलन उद्घाटनाला आले. तो गॅन्डाल्फ, तो किंग लिअर, आमच्या लिबर्टीत! त्याच वर्षी ‘अलीगढ’ साध्या थिएटरांत लागला होता. त्यातले प्राध्यापक रामचंद्र सिरस हे अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणारे, मराठीत कविता लिहिणारे. घरात घुसून चित्रीकरण करणारे लोक, निलंबन, न्यायालयात जिंकलेला खटला आणि लगेच आलेला मृत्यू. हे सगळं २०१०च्या फेब्रुवारी ते एप्रिलमधलं. जुहूला आम्ही पार्किंगमधून आत शिरत होतो त्याच महिन्यात हा मराठीचा मास्तर अलीगढच्या एका भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडला होता. आमचे मास्तर तो सिनेमा पाहून आल्यावर कुणाशी बोलले नाहीत.

कलम ३७७मधून आम्हाला मोकळं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८चा निकाल आला आणि त्यानंतरच्या लिबर्टीत मी काही नवीनच पाहिलं: पोरं कार्ड शर्टाबाहेर घालून लोकलमध्ये चढत होती. पिशवी सुलटी. गालावर इंद्रधनुष्य, तेही बोरिवली फास्टमध्ये. दारात उभी असलेली स्वयंसेवक मुलगी मला म्हणाली, “काका, सांभाळून, तिथे पायरी आहे.” काका! पार्किंगमधून शिरणाऱ्याला हे बिरुद मिळायला काही वर्षंच पुरली. काही पोरांबरोबर आया आलेल्या. ‘स्वीकार’ हा पालकांचा गट तोवर उभा राहिला होता. मधल्या रांगेत एक आई डब्यातून लाडू काढून मुलाच्या मित्रांना वाटत होती, सिनेमा चालू असताना, अंधारात चाचपडत.

सिनेमेही बदलले, मला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. जुहूला आमच्या वाट्याला आलेलं जग बहुतेक परक्या शहरांचं होतं. मोठाल्या खिडक्या, स्वतंत्र खोल्या, अठराव्या वर्षी घर सोडणारी मुलं. २०१९मध्ये रोहन कानवडे यांचा ‘उ उषाचा’ आला, कशिशच्याच अनुदानातून झालेला लघुपट. शेतमजुरी करणारी, एकटीने मुलं वाढवणारी, निरक्षर उषा आणि शाळेतल्या बाईंबद्दल तिला वाटणारी ओढ. बाईंमुळे ती अक्षरं गिरवायला लागते. खाली इंग्रजी सबटायटल्स पळत होती आणि आम्हाला ती वाचायची नव्हती! हसणं सबटायटल्सच्या आधी पोचत होतं. आम्ही चौघे हसायचो, मग अर्ध्या सेकंदाने बाकीचं थिएटर. इतकी वर्षं आम्ही त्या अर्ध्या सेकंदाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो.

पुढे २०२० आणि २०२१ ही वर्षं करोनाची. महोत्सव ऑनलाइन झाला. लॅपटॉपवर एकट्याने सिनेमा पाहून मला काही गोडी लागली नाही, आणि तसं मी ग्रुपवर लिहिलंही. त्यावर, पुष्कळ वर्षं गप्प असलेल्या एका जुन्या मित्राचं उत्तर आलं. घरच्यांच्या रेट्याने लग्न करून आमच्यातून गेलेला, दोन मुलांचा बाप. तो जुहूला आला नाही, लिबर्टीला आला नाही. त्याने लिहिलं, घरचे झोपल्यावर हेडफोन लावून मी रोज बघतोय. अरुण फुलारांचा ‘संडे’ त्याच सुमाराचा. न्हाव्याच्या दुकानात दर रविवारी जाणारे, घरसंसार असलेले मध्यमवयीन कांबळे आणि खुर्चीत बसल्यावर न्हाव्याच्या हाताच्या स्पर्शाची त्यांना लागलेली आस. त्या मित्राला मी तो पाठवला. ‘पाहिला’ एवढंच उत्तर आलं. थिएटराचं कौतुक करताना मी त्याला विसरत नाही. थिएटरापर्यंत पोचता येणं हीही सगळ्यांना परवडणारी गोष्ट नव्हती, आजही नाही.

आज काय आहे? ‘हार्टस्टॉपर’ मालिका पोरांच्या फोनवर आहे. सचिन कुंडलकरांच्या २००६च्या मराठी कादंबरीवरचा ‘कोबाल्ट ब्लू’ २०२२ला थेट नेटफ्लिक्सवर आला. त्याच वर्षी ‘बधाई दो’ साध्या मल्टिप्लेक्समध्ये लागला: पोलीस आणि पीटी टीचर, दोघांचं घरच्यांना गप्प करण्यासाठी केलेलं लग्न. म्हणजे आमचा ‘वेडिंग बँक्वेट’च, पण हिंदीत, सासू-नणंदांसकट, भर थिएटरात, पॉपकॉर्न खात. आणि लोक हसत होते ते नातेवाइकांना. अंधेरीवाला कॅनडात असतो, त्याला मी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या उश्या फुकट गेल्या म्हणायच्या!”

तरी एक सांगतो. जुन्या दिवसांबद्दल बोलताना आवाजात लाडिकपणा येतो आणि समोरच्या तरुण मुलांना वाटतं, काय मजा होती तेव्हा! मजा होती, ती माणसांची. चोरून बघण्यात थरार होता वगैरे जो म्हणतो त्याने त्या थरारातले पोलीस, ब्लॅकमेलवाले आणि घरच्यांनी आणलेली स्थळं गाळलेली असतात. पडदे ओढून हसलेलं हसू मला आठवायला आवडतं. पुन्हा तसं हसायची माझी अजिबात इच्छा नाही. आणि सगळं झालंय असंही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. लिबर्टीच्या जिन्यावर फोटो काढणारी जोडपी हॉस्पिटलच्या फॉर्मवर अजून ‘मित्र’ हेच लिहितात.

२०२५च्या सप्टेंबरात कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ लागला. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवाला गेलेला, तिथे पोचलेला पहिला मराठी सिनेमा, आणि तिथलं जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आलेला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या. आम्ही उरलेले तिघे गेलो. आठवड्यातल्या दुपारचा खेळ, अर्धं थिएटर. मागे दोन बायका, साठीच्या, बहुधा ‘गावाकडचा सिनेमा’ एवढंच ऐकून आलेल्या. सुतकात बसलेल्या मुलाला नातेवाईक लग्नाचं विचारायला लागले तेव्हा त्यातली एक खुदकन हसली आणि दुसरीला म्हणाली, “अगं, मेलेल्याचं राहू दे बाजूला, यांना लग्नाचं पडलंय!” दोघे मित्र जवळ आले तेव्हा आम्ही सवयीने कान मागे लावले. मागे कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही. सिनेमा संपल्यावर त्या बायका भूमिकेचं नाव घेऊन बाळ्याचं पुढे कसं होईल यावर बोलत जिना उतरल्या.

कशिश अजून दरवर्षी भरतो. अठरा वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि नावनोंदणी करावी, एवढीच अट. गे असण्याची नाही. जमेल तेव्हा या, आईला घेऊन या. आणि ‘साबर बोंडं’सारखा मराठी सिनेमा साध्या थिएटरात लागला तर पहिल्याच आठवड्यात बघा. मराठी सिनेमांना शो मिळत नाहीत ही रड सगळ्यांचीच. त्या बाबतीत आम्हाला समान हक्क कधीच मिळालेला आहे. दुसऱ्या आठवड्यात तो लागलेला असेलच, असं नाही.